पुस्तकाच्या दुकानात येणारे अवघड प्रश्न: वहीपासून सूचीपर्यंत, कामाच्या नोंदी

२ जून २०२५
दुकान काकांचं आहे, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळात. काउंटर मी बघते, माल लावायला आणि पार्सल सोडवायला एक पोरगा आहे. काम असं घेतलंय की गिऱ्हाईक पुस्तकाचं नाव न सांगता जे जे विचारतंय ते सगळं लिहून काढायचं आणि त्यातनं अशी सूची बनवायची की काउंटरला कुणीही बसलेलं असू दे, पुस्तक निघालं पाहिजे. आत्ता हे सगळं काकांच्या डोक्यात आहे, कुणी नुसतं "ते डॉक्टर खेड्यात जातात ते" म्हटलं तरी ते बरोबर त्या रॅककडं चालायला लागतात. पण दुपारी ते जेवायला घरी गेले की लोक "बरं, मग नंतर येतो" म्हणतात आणि त्यातले बरेच परत येत नाहीत.

सामान: दोनशे पानी लाँगबुक १४० रुपये, पेन काउंटरला दोरीनं बांधलेला. रकाने चार, तारीख, प्रश्न, काय दिलं, जमलं का. नियम एकच, प्रश्न गिऱ्हाइकाच्या तोंडातनं आला तसाच लिहायचा, आपल्या भाषेत सुधारून नाही.

६ जून
शाळेची गर्दी. आज सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, "सहावीचं वहीवालं पुस्तक द्या, भाग एक." बालभारतीच्या पुस्तकांत २०२३-२४ पासून धड्यांच्या मागं कोरी पानं दिलेली होती आणि सगळे विषय एकत्र करून वर्षाचे चार भाग केलेले होते, ते यंदापासून बंद झालंय, पुन्हा विषयवार पुस्तकं आलीत. लोकांना हे माहीत नाही, त्यांना वाटतंय दुकानदार जुनं देतोय. दिवसभर तेच समजावण्यात वेळ गेला, संध्याकाळी मोठ्या अक्षरात कागद लिहून दारात लावला, "यंदा भाग नाहीत, विषयवार पुस्तकं आहेत". प्रश्न निम्म्यावर आले. असले प्रश्न सूचीत घालायचेच नाहीत, त्याला दारातला कागदच पाहिजे.

१२ जून
वहीत पोरानं लिहिलंय, "कर्णाचं पुस्तक, दिलं, परत आलं." त्याला विचारलं, नेमकं काय म्हणाले ते? तर हुपरीकडचे एक मामा आलेले, म्हणाले, "ते कर्णाचं ओ, आमचे वडील शेतात बसून वाचायचे, त्यात कर्ण सोताच बोलतोय बघा." पोरानं राधेय दिलं. मामा घरी जाऊन दोन पानं वाचून परत घेऊन आले.

कर्ण स्वतः बोलतोय म्हटल्यावर ते मृत्युंजय. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे एकेक जण आपापल्या तोंडानं सांगतात. १९६७ सालचं, जाडजूड. राधेय १९७३ चं, त्या मानानं बारीक. दोन्ही लेखक आपल्याच जिल्ह्यातले, शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि रणजित देसाई कोवाडचे, त्यामुळं इथं दोन्हींचा खप आहे आणि घोटाळा पण इथंच जास्त. म्हणजे प्रश्नातच उत्तर होतं, पण लिहिताना पोरानं "कर्ण सोताच बोलतोय" हे गाळलं आणि "कर्णाचं पुस्तक" एवढंच ठेवलं. त्याला वाटलं ते फालतू आहे. लोक ज्याला आपण फालतू समजतो तेच धरून पुस्तक लक्षात ठेवतात, लेखकाचं नाव नाही. आजपासून प्रश्नाच्या रकान्याला अर्धं पान दिलं.

आपण गिऱ्हाइकाला विचारायचा उलटा प्रश्न पण ठरला: "जाड का बारीक?" हा बहुतेक कादंबऱ्यांना चालतो.

१७ जून
"विकी कौशलचं पुस्तक द्या." फेब्रुवारीत पिक्चर आल्यापासून हे चालूच आहे, छावा, १९७९ ची कादंबरी. हा प्रश्न आता कुणालाच अवघड जात नाही, पण सूचीत घातलाय, कारण पुढच्या वर्षी नवा पोरगा काउंटरला आला तर त्याला तो पिक्चर आठवेलच असं नाही.

२६ जून
शाहू जयंती. दसरा चौकात सकाळपासून कार्यक्रम, दुकानात शाळकरी पोरं आणि त्यांचे पालक, "शाहू महाराजांचं पुस्तक द्या." आपण कोल्हापुरातले, आपल्याला एकच शाहू महाराज डोळ्यासमोर येतात. पण एका ताईंना पाहिजे होते साताऱ्याचे शाहू, संभाजी महाराजांचे चिरंजीव, १६८२ चा जन्म. त्यांच्या पोरीला पेशवाईवर प्रकल्प होता. त्यांच्या हातात राजर्षींचं चरित्र गेलं, त्या पैसे देऊन निघाल्या पण होत्या, सुदैवानं पोरीनं दारातच उघडून बघितलं.

"कुठले शाहू?" असं विचारलं तर इथल्या माणसाला राग येतो, आज एका आजोबांना आलाच, "कोल्हापुरात बसून विचारतीस कुठले म्हणून?" त्यांचं बरोबरच आहे. म्हणून प्रश्न बदलला, "पेशव्यांच्या वेळचे का राधानगरी धरणाचे?" राधानगरी म्हटलं की लगेच मान हलते, कुणाला लागत पण नाही. उलटा प्रश्न विचारताना दोन्ही पर्याय आपणच पुढं ठेवायचे, म्हणजे समोरच्याला आपली परीक्षा घेतायत असं वाटत नाही. हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

९ जुलै
वहीतलं सगळं मोबाईलवरच्या शीटमध्ये चढवायला घेतलं. बारकोड स्कॅनर घेतला, १,९०० रुपये. आधी रकाने नेहमीसारखे केलेले, नाव, लेखक, प्रकाशन, किंमत, आयएसबीएन म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळखीचा नंबर. हे काम बरेच दिवस चाललं आणि प्रश्नांसाठी त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या रकान्यांतलं एकही लोक विचारत नाहीत. स्कॅनर बिलाला आणि साठा मोजायला चांगला आहे, तेवढ्यासाठी पैसे वसूल. पण तेरा आकडी आयएसबीएन २००७ पासून आला, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी असतो किंवा नसतोच, आणि पोथ्यांवर बऱ्याचदा काहीच नसतंय. जुना माल असलेल्या दुकानानं नुसत्या स्कॅनरच्या भरवशावर बसू नये.

कव्हरच्या रंगाचा रकाना पण केलेला, तो काढून टाकला. "निळ्या कव्हरचं, त्यावर घोडा होता" असं सांगणारा माणूस आजोबांच्या कपाटातलं पुस्तक सांगत असतो, ती आवृत्ती कधीची, त्यानंतर कव्हर किती वेळा बदललंय काय सांगावं. रंगाऐवजी विचारायचं, "घरात बघितलेलं का आत्ता कुणाच्या हातात बघितलं?" घरातलं असलं तर जुन्या कादंबऱ्यांकडं जायचं, आत्ताचं असलं तर काउंटरवरच्या ढिगात.

१४ जुलै
शीट उलटी केली. पहिला रकाना "लोकांचे शब्द", पुस्तकाचं नाव शेवटी. पण शोधायला गेलं की सापडेना. पोरगा टाकतोय ययाती, शीटमध्ये ययाति. तो टाकतोय मृत्यूंजय, शीटमध्ये मृत्युंजय. ऱ्हस्व दीर्घ बदललं की मोबाईल कोराच राहतो. बोलून टाइप करून बघितलं तर कोल्हापुरी बोलणं त्याला समजत नाही, भलतंच लिहितोय. मग सरळ उपाय केला, एकाच खणात सगळी रूपं स्पेस देऊन लिहिली, चुकीची पण. लोक कशी लिहितात हे बघायला व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या ऑर्डरी उपयोगी पडल्या. कंटाळवाणं काम आहे पण ह्याला दुसरा रस्ता नाही.

२८ जुलै
पहिला श्रावणी सोमवार. ह्या महिन्यासाठी वेगळीच सूची लागती हे आज कळलं.

"अकरावा द्या." एवढाच प्रश्न. पोरगा माझ्याकडं बघतोय. अकरावा म्हणजे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय, तो सुटा वाचतात, त्याची छोटी पुस्तिका मिळते. थोड्या वेळानं दुसऱ्या काकू, "चौदावा हाय काय?" तो गुरुचरित्राचा चौदावा, तोही सुटा मिळतो. मग एक आजी, "ते चाळीस अध्यायाचं." नवनाथ भक्तिसार. "एकवीस अध्यायाचं स्वामींचं" म्हणजे सारामृत. म्हणजे पोथ्यांच्या बाबतीत लोकांना नावापेक्षा आकडा पाठ आहे. शीटमध्ये आकड्याचा रकाना घातला आणि त्याच्या पुढं "सुटा" का "पूर्ण" ते लिहिलं: सुटा ११ शिवलीलामृत, सुटा १४ गुरुचरित्र, पूर्ण १८ गीता आणि ज्ञानेश्वरी, पूर्ण २१ सारामृत, पूर्ण ४० नवनाथ, पूर्ण ५२ गुरुचरित्र, अवतरणिका धरली तर ५३. ह्या कामात एवढा पटकन उपयोगी पडलेला रकाना दुसरा नाही. काकांना दाखवला तर म्हणाले, "हे मला कुणी विचारलंच नव्हतं."

२ ऑगस्ट
"मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी" हा रोजचा प्रश्न. मोठं म्हणजे केवढं? प्रत्येकाचं मोठं वेगळं. एकामागं एक पोथी काढून दाखवायची, बांधलेली पोथी सोडायची, परत बांधायची, यात फार वेळ जातोय आणि पोथी पण खराब होते. म्हणून आज एक पुठ्ठा केला. दुकानातल्या प्रत्येक आवृत्तीतल्या एकाच ओवीची झेरॉक्स काढली, आहे त्या आकारात, मोठी लहान न करता, आणि पट्ट्या कापून एकाखाली एक चिकटवल्या, बाजूला १ ते ७ नंबर. आजी बोट ठेवतात, "हे दिसतंय मला", नंबर बघायचा आणि तीच पोथी काढायची. एका आजींनी आधी चष्मा लावून बोट ठेवलं, मग चष्मा काढून दोन पट्ट्या खाली सरकल्या, म्हणाल्या, "पहाटे चष्मा कुठं हुडकू?" त्यांना सात नंबरची दिली.

खर्च झेरॉक्सचे ३० रुपये आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. पहिल्या पुठ्ठ्यावर वरनं सेलोटेप लावलेला, ट्यूबलाइटखाली तो चमकतोय आणि नेमकं ज्यांना कमी दिसतंय त्यांनाच वाचता येईना. टेप काढून फक्त डिंकानं चिकटवलं.

११ ऑगस्ट
पाऊस थांबायचं नाव नाही. शाहूपुरीतल्या एक मावशी भिजलेलं पुस्तक पिशवीत घालून घेऊन आल्या, "हे वाळवून मिळतंय काय?" २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पण असे लोक यायचे म्हणतात काका, तेव्हा दुकानात सांगायला काही नव्हतं. हा प्रश्न विक्रीचा नाही तरी वहीत घेतला, कारण पुस्तकाचं काहीही झालं तर माणूस पुस्तकाच्याच दुकानात येणार.

करून बघितलेलं लिहिते. वर्तमानपत्र पानांत घातलं तर त्याची शाई उतरली, ते बाद. एका रद्दी पुस्तकावर इस्त्री फिरवून बघितली, पानं पिवळी पडून कडक झाली, ते पण बाद. कोरे पांढरे कागद दर थोड्या पानांमागं घालायचे, ओले झाले की बदलायचे, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी सुटी ठेवायची, पंख्याचा वारा द्यायचा, ऊन नाही. गुळगुळीत आर्ट पेपरची फोटोची पानं मात्र एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत, ती ओली असतानाच आधी वेगळी करायची. दोन दिवसांच्या पुढं ओलं राहिलं की बुरशी धरते, तेवढी उसंत नसली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, बुरशी थांबते, वाळवणं नंतर सावकाश. मावशींचं पुस्तक फुगलंय, पण वाचता येतंय. हे सगळं एका कागदावर लिहून त्याच्या झेरॉक्स काउंटरखाली ठेवल्यात, मागंल त्याला फुकट.

२० ऑगस्ट
मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच परवा १८ तारखेपासून इथं चालू झालं, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची माणसं आता इथं येणार. आज ओरोसकडनं आलेले एक काका विचारत होते, "चारशेवीसचं मराठीतलं पुस्तक आहे का?" चारशेवीस म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम, तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक आता ३१८ कलमात आहे आणि खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये. पोरगा लगेच नवं पुस्तक काढून देत होता. पण त्यांची केस २०२१ ची, आणि त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो. म्हणजे जुनी पुस्तकं रद्दीत घालायची नाहीत. उलटा प्रश्न: "गोष्ट कधी घडली, जुलै चोवीसच्या आधी का नंतर?" एवढंच विचारायचं, केस काय आहे ते विचारायचं नाही. माणूस आधीच त्रासात असतो, गर्दीत त्याला सांगायला लावू नये.

(नंतरची भर) जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता असलेली पुस्तकं मागवली. वितरकानं मराठीऐवजी इंग्रजी पाठवली, ती परत करून दुसरी येईपर्यंत दोन आठवडे गेले आणि पार्सलचा खर्च आमच्याच अंगावर पडला.

१२ सप्टेंबर
कॉलेजची एक मुलगी, बराच वेळ रॅकपुढं उभी होती. मग काउंटरला येऊन हळू आवाजात, "रडू येणार नाही असं पुस्तक आहे का?" पोरगा विनोदी पुस्तकांच्या कप्प्याकडं निघाला, काकांनी त्याला हातानंच थांबवलं आणि तिला विचारलं, "कुणासाठी पाहिजे बाळ?" आईसाठी. वडील जाऊन महिना झालेला, आई पूर्वी खूप वाचायची, आता काही उघडलं की चार पानांवर रडू यायचं आणि पुस्तक बाजूला.

काकांनी नंतर सांगितलं की विनोदी पुस्तकं अशा वेळी धोक्याची, हसवता हसवता शेवटी एखादं व्यक्तिचित्र डोळ्यात पाणी आणतं. कादंबरीत कुणीतरी मरतंच. त्यांनी प्रवासवर्णन दिलं, तेही एकट्या माणसाच्या प्रवासाचं नाही, चार जण मिळून गेलेले, खाण्यापिण्याचं भरपूर लिहिलेलं. आणि सांगितलं की मधलं कुठलंही प्रकरण उघडून वाचलं तरी चालतंय, पहिल्यापासून वाचायला सांगू नको.

वहीत पाचवा रकाना आला, "कुणासाठी". मागची पानं परत चाळली तर जिथं जिथं "जमलं नाही" लिहिलंय तिथं बहुतेक ठिकाणी हाच एक प्रश्न विचारलेला नव्हता. हातात पुस्तक घेणारा आणि वाचणारा माणूस एक नसतोच बऱ्याचदा.

२३ सप्टेंबर
कालपासून वह्यांवरचा जीएसटी गेला, म्हणून आज दिवसभर "पुस्तकं किती स्वस्त झाली?" छापील पुस्तकांवर कर आधीपासूनच नव्हता, वह्या, पेन्सिल, खोडरबर ह्यांचा गेलाय. हा पण दारातल्या कागदाचाच विषय, कागद लावला.

आजचा दुसरा प्रश्न मात्र वहीत ठळक केलाय. पाटणचे एक दादा, "कोयनेच्या भूकंपाचं पंचांग मिळंल का?" आईचा जन्म त्या पहाटेचा, कुठं नोंद नाही, आता तिची पत्रिका करायचीय. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, सोमवार पहाटे चारच्या पुढं. शक १८८९. एकेका वर्षाचं जुनं पंचांग शोधत बसायची गरज नाही, बऱ्याच वर्षांची पंचांगं एकत्र असलेला ग्रंथ मिळतो, तो दिला, आणि वेळ "पहाटे भूकंपाच्या आधी का नंतर" हे आईलाच विचारायला सांगितलं. ह्यावरनं शीटमध्ये एक लहानशी यादी जोडली, लोक वर्ष कशावरनं सांगतात त्याची: कोयनेचा भूकंप १९६७, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, पुराची दोन्ही वर्षं. जुनं पुस्तक हुडकताना पण ती चालते, "दुष्काळात रोजगार हमीवर असताना वाचलेलं" म्हटलं की त्यापुढची सगळी पुस्तकं आपोआप गळतात.

१४ ऑक्टोबर
दिवाळी अंकांची गर्दी, वहीत फार लिहिणं झालं नाही.

एक नोंद. "तीन फूट पुस्तकं द्या, चॉकलेटी रंगाची." नवीन बंगला, टीव्हीच्या बाजूचं शोकेस. पोरगा आणि शेजारचं गिऱ्हाईक दोघं हसले, मला ते आवडलं नाही. माणूस भांडी ठेवू शकला असता, त्याला पुस्तकं ठेवावीशी वाटली. "घरात कोण कोण असतं?" विचारलं. बायको, आई, आठवीतली मुलगी. चॉकलेटी बांधणीचे संच वरच्या खणात, आणि मुलीचा हात पोचेल त्या खालच्या खणात तिच्या वयाची पुस्तकं, रंग कुठलाही. ते कबूल झाले. आईसाठी पट्ट्यांचा पुठ्ठा फोटो काढून पाठवायला सांगत होते, पण मोबाईलवर अक्षर लहान मोठं होतंय, त्यामुळं तो फोटो काही कामाचा नाही, आईंनाच घेऊन या म्हटलं. आल्या, पाच नंबर.

१० नोव्हेंबर
कारखाने सुरू, कागल-मुरगूडकडची माणसं कामानं शहरात येतायत. "उसाचं पुस्तक द्या." ह्यात पण उलटा प्रश्न लागतोय, "आडसाली, पूर्वहंगामी, सुरू का खोडवा?" आडसाली जुलै-ऑगस्टची लागण, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबर, सुरू डिसेंबरपासून पुढं, आणि खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस. पुस्तकांत खताचं वेळापत्रक ह्यावरच बेतलेलं असतं, सगळ्या लागणींना पुरेल असं बारीक पुस्तक घेऊन गेलेला शेतकरी नाराज होतो. हा प्रश्न मला एका गिऱ्हाइकानंच शिकवला, त्यांनी पुस्तक उघडून अनुक्रमणिकेत "खोडवा" नाही बघून परत ठेवलं. आता शेतीच्या कप्प्यात लागणीप्रमाणं चिठ्ठ्या लावल्यात, स्टिकरचा कागद ९० रुपये.

५ डिसेंबर
काल दत्त जयंती होती. त्याआधीचा आठवडाभर नरसोबाच्या वाडीला जाणारे लोक गुरुचरित्र घ्यायला येत होते, आणि काका गावाला गेलेले. आकड्यांचा रकाना आणि पट्ट्यांचा पुठ्ठा ह्या दोनांवर पोरानं एकट्यानं दुपारचं काउंटर सांभाळलं. "गुरुचरित्र कुठल्या वारी घरी न्यावं?" हा प्रश्न त्याला आला, तिथं त्यानं स्वतःचं काही न सांगता "तुमच्या घरात जसं करतात तसं, आजींना विचारा" म्हटलं. बरोबर केलं, असल्या गोष्टीत दुकानानं पडू नये.

अजून न सुटलेलं: निपाणी-संकेश्वरकडनं येणारी माणसं कन्नड पुस्तकाचं मराठी भाषांतर मागतात आणि नाव कन्नडमधलं सांगतात, त्याच्यासाठी शीटमध्ये रकाना केलाय पण तो भरायला कन्नड येणारं कुणीतरी पाहिजे. कवितेच्या ओळीवरनं विचारलेल्या प्रश्नांचं पण अजून काही जमलेलं नाही, लोक ओळ अर्धी आणि थोडी बदलून सांगतात.

ज्यांना आपल्या दुकानात किंवा वाचनालयात हे करायचंय त्यांनी मोबाईलपासून सुरू करू नये, आधी वही. आमची लाँगबुक भरली, आज नवीन आणली, तीच दोनशे पानी. रकाने तेच ठेवलेत, फक्त "कुणासाठी" तारखेच्या शेजारी पहिला घेतलाय आणि "काय दिलं" शेवटी.